जि. उदगीर

रुद्राणी मुखेडहून लग्न होऊन उदगीरला आली, त्याच्या दुसऱ्या सकाळी सासऱ्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "पोरी, टायपिंग येतं का गं तुला?"

नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "टायपिंग न्हाई येत मामा. रांगोळी येते."

"मग येईल," धोंडप्पाअण्णा म्हणाले. "बोटांना ठिपक्यांची सवय हाय की."

सासूबाई बसम्मा चुलीपुढून ओरडल्या, "अहो, पोरीला आधी चहा तरी पिऊ द्या!" रुद्राणी पदराआड हसली. सासर म्हणजे पहिले काही दिवस धाकच असतो. तिचा तो धाक त्या सकाळी निम्मा ओसरला.

धोंडप्पाअण्णांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बारदान्याचं दुकान. तूर, हरभरा, सोयाबीन ज्या पोत्यांत भरतात ती पोती विकायची, जुनी घेऊन शिवून द्यायची, हा पिढीजात धंदा. दुकानात पाय ठेवला की तागाचा वास आणि पोत्यांच्या थप्प्या. त्या थप्प्यांच्या मधोमध, देव्हारा असावा तसा एक लाकडी चौरंग, आणि त्यावर कंप्यूटर. गावात त्यांना कुणी 'बारदान्याचे धोंडप्पा' म्हणत नसे. कंप्यूटरवाले अण्णा म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा.

रोज सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, कपाळाला विभूती, आणि मग दुकान. कंप्यूटरवर त्यांनी स्वतःच्या हातांनी शिवलेली नव्या तागाची झूल असायची. ती काढून घडी घालायची, बटण दाबण्याआधी हात जोडून "शरणु" म्हणायचं, मग पुढचं काम. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते तशी इथं कीबोर्डाची व्हायची. फक्त नारळ फोडायची वेळ आली की अण्णा सगळ्यांना बाहेर काढायचे. "देवाला पाणी चालतं, ह्याला चालत न्हाई."

त्यांचं शिक्षण मराठी शाळेत, मॅट्रिकपर्यंत. इंग्रजी यायचं ते कंप्यूटरपुरतं. पण मतं! कंप्यूटरवरची त्यांची मतं ऐकायला मोंढ्यातले हमालसुद्धा पाठीवरचं पोतं उतरवून बसायचे.

"अठ्ठ्याण्णवचं विंडोज लई रुसव्याचं," ते सांगायचे. "बोलता बोलता निळा पडदा ओढून बसायचं. मग बंद करा, चालू करा, मनधरणी करा. त्याच्यानंतर एक्सपी आलं. ते मातर औताचा बैल. कितीबी ओझं टाका, मान खाली घालून चालणार. मग आलं व्हिस्टा. त्याला नुसता शृंगार. वरातीच्या घोड्यावानी. दिसायला देखणं, पण नांगराला जुंपाल तर फसाल."

"आणि सात?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"सात सरळ माणूस. त्याच्याबद्दल वाईट बोलणार न्हाई. आठमध्ये खालच्या कोपऱ्यातलं बटणच काढून टाकलं. आपल्याच घरात दार कुठं हाय ते शेजाऱ्याला विचारायची पाळी. आता दहा आलंय. कोपऱ्यात सारखं निमंत्रण येतंय, घ्या म्हणून, घ्या म्हणून. पाव्हण्यानं एकदा विचारावं. हा दारात वळकटी घेऊनच बसलाय."

हे ते बोलायचे लोकांच्या कंप्यूटरांबद्दल. त्यांच्या स्वतःच्या कंप्यूटरात आता विंडोज नव्हतंच. त्याची गोष्ट रुद्राणीनं इतक्यांदा ऐकली होती की मध्येच अण्णांना ठसका लागला तर पुढची ती सांगायची.

ती गोष्ट अशी. ती लग्न होऊन यायच्या काही वर्षं आधी पोस्टमननं दुकानात एक पाकीट आणून टाकलं. परदेशी तिकीट. पोस्टमन हलेना, कारण मोंढ्यात परदेशातून पाकीट म्हणजे बातमीच. आत एक तबकडी निघाली. लिनक्सची, विंडोजच्या जागी चालतं त्याची. अण्णांनी कुठल्याशा मासिकात वाचून पत्ता कळवला होता, आणि त्या लोकांनी ती फुकट पाठवली होती. टपालखर्चसुद्धा त्यांचाच.

"काय मागितलं असंल त्यांनी?" बसम्मांनी धसक्यानं विचारलं होतं.

"काय न्हाई. वापरा म्हणले. आवडलं तर दुसऱ्याला द्या म्हणले. ज्याला येतंय त्यानं दुरुस्त करावं, आणि दुरुस्त केलेलं बी सगळ्यांना द्यावं म्हणले."

बसम्मा म्हणाल्या, "मग हे तर दासोह झालं."

मठात दासोह असतं. जो येईल त्यानं जेवावं, जात-गाव कुणी विचारत नाही. ज्याच्याकडं ज्वारी आहे त्यानं ज्वारी आणावी, ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं भाकरी थापाव्यात नाही तर भांडी घासावीत. बसम्मा सहज बोलून गेल्या, पण अण्णांना तो शब्द असा लागू पडला की त्यांनी तो आयुष्यभर धरला. लिनक्स म्हणजे दासोह. आणि दासोहात जेवायचं तर भांडी घासायला हवीत. आपल्याला प्रोग्राम लिहिता येत नाहीत, मग आपण काय करायचं? तर ज्याला जे टाइप करून हवं ते करून द्यायचं. लग्नपत्रिका, भजनी मंडळाचं पत्रक, शाळेचा अर्ज, दुकानाची पाटी. कुणाकडून काही घ्यायचं नाही. कागद तेवढा ज्याचा त्यानं आणावा.

त्यांचा मुलगा मन्मथ, म्हणजे रुद्राणीचा नवरा, कपाळावर हात मारायचा. "अप्पा, समोर झेरॉक्सवाला उपाशी मरायलाय तुमच्यापायी."

"त्याला सांग, मी झेरॉक्स काढत न्हाई. मी लिवतो."

मन्मथचं सगळं फोनवर. हिशेब फोनवर, तिकीट फोनवर, गाणी फोनवर. त्यावरही अण्णांचं मत ठरलेलं. "फोन म्हणजे भाड्याची खोली. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. मालक म्हणला, उद्यापासून हे कपाट हितं ठेवायचं, तर ठेवायचं. कंप्यूटर म्हणजे आपलं घर. गळू दे, पडू दे, पण आपलं." प्रिंटरला ते जावई म्हणत, कारण तो ऐन कार्याच्या दिवशीच अडून बसतो. टीव्हीच्या रिमोटला लोक प्लास्टिकची पिशवी घालतात तिचा त्यांना संताप यायचा. कुणाच्याही घरी गेले की गप्पा मारता मारता ती पिशवी सोलून काढायचे. "वस्तू वापरायसाठी असती. पुरायसाठी न्हाई."

रुद्राणीला त्यांनी मराठी टायपिंग शिकवलं ते अक्षरांच्या हिशेबानं. "डाव्या हाताला मात्रा, वेलांट्या. उजव्या हाताला अक्षरं. क आणि ख एकाच घरात राहतात, ख माळ्यावर. डावा हात मीठ-मसाला टाकतो, उजवा हात भाजी. तुला तर हे जन्मापासून येतंय." आणि खरंच, पाऊस दोनदा येऊन गेला तोवर ती कीबोर्डाकडं न बघता लिहू लागली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं तेव्हा ती चौरंगापुढं बसायची. मुखेडला तिला अशी जागा कधी मिळाली नव्हती, जिथं बसलं की कुणी 'ऊठ, पाणी आण' म्हणत नाही.

तिला बसताना पाहून मोंढ्यातले एक-दोघं म्हणालेच, "अण्णा, सुनेला दुकानात बसवलं?"

अण्णांनी मान वर न करता सांगितलं, "ते मी ह्या मशीनला शिकवलंय, तुमाला शिकवणं माझ्या हातात न्हाई." ते काय बोलले हे तेव्हा कुणाला कळलं नाही. रुद्राणीलाही नाही.

त्यांनी कंप्यूटरात तिच्यासाठी वेगळी खोली करून दिली होती. लिनक्समध्ये प्रत्येकाच्या नावाचं घर असतं. तिच्या नावानं आत गेलं की तिचे कागद, तिचं चित्र, तिची मांडणी. "एका घरात दोन चुली नसाव्यात," अण्णा म्हणायचे, "पण एका कंप्यूटरात दोन खोल्या पायजेत. तुझ्या खोलीला कडी घाल. माझ्या खोलीला कडी न्हाई, माझं सगळं उघडं." तिच्या पडद्यावर तिनं मठाच्या कळसाचा फोटो लावला होता. अण्णांच्या पडद्यावर मात्र जुन्या एक्सपीचं ते हिरवं टेकाड होतं, वर निळं आभाळ, पांढरे ढग. विंडोज सोडलं तरी ते टेकाड त्यांनी सोडलं नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. उदगीरची गत फार वेगळी नव्हती. नळ म्हणजे नुसती भिंतीतून आलेली पितळी चोच. मोंढा ओस पडला. पिकलंच नाही तर पोती कशाला हवीत? अण्णांच्या थप्प्या होत्या तशाच राहिल्या. हमाल दुकानात येऊन बसायचे आणि त्या हिरव्या टेकाडाकडं बघत राहायचे.

"अण्णा, हे कुठलं रान हो?"

"परदेशातलं हाय."

"तिथं पाऊस पडतो वाटतं."

"फोटू काढला त्या दिवशी पडला असंल," अण्णा म्हणायचे.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला गावात पुन्हा बोलबाला उठला, की उदगीर जिल्हा होणार. ही हूल नवी नव्हती. पण त्या वर्षी लोकांना कशावर तरी विश्वास ठेवायचाच होता. जिल्हा झाला की कचेऱ्या इथं येतील, पाण्याची वेगळी योजना होईल, सारखं लातूरला खेटे घालायला नकोत. कुणी म्हणालं, यादी निघाली. कुणी म्हणालं, अमक्यानं स्वतः बघितली. एका संध्याकाळी चौकात फटाकेसुद्धा वाजले.

अण्णा आनंदानं लालबुंद होऊन कंप्यूटरापुढं बसले. ते रोज कुणाकुणाचे पत्ते लिहायचे, आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटी 'जि.लातूर'. आता बोटांची सवय मोडायची कशी? तर कंप्यूटरात एक सोय असते. आपण एक शब्द चुकीचा लिहिला की तो आपोआप बरोबर करून देतो, फक्त कोणता चुकीचा आणि कोणता बरोबर ते आधी सांगून ठेवायचं. अण्णांनी सांगून ठेवलं. 'जि.लातूर' लिहून पुढची जागा सोडली, की व्हावं 'जि. उदगीर'.

"बग रुद्राणी," ते म्हणाले, आणि लिहून दाखवलं. अक्षरं डोळ्यांदेखत पालटली. बसम्मांनाही बोलावून दाखवलं. बसम्मांनी पडद्याकडं बघून हात जोडले, न जाणो.

चार दिवसांत बातमी विरली. यादी निघालीच नव्हती. अण्णा दोन दिवस नुसती पोती शिवत बसले, मग नेहमीसारखे झाले. पण मशीनला दिलेली शिकवण काढायचं ते विसरले. खरं तर विसरले असं तरी कसं म्हणावं? मनातून जिल्हा गेला नव्हता, म्हणून मशीनमधूनही गेला नाही.

इथं साखराबाईची ओळख करून द्यायला हवी. त्याच गल्लीत कोपऱ्यावरचं घर, तीन मुलगे, एक सून, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा आवाज. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच तिनं सुनेच्या डोहाळजेवणाचं निमंत्रण अण्णांकडून लिहून घेतलं होतं. तिला वाचता यायचं नाही. कागद वाटून झाले, आणि हिमायतनगरहून तिच्या भावाचा फोन आला. ती तशीच तणतणत दुकानात आली.

"अण्णा, माझा भाऊ इचारतोय, साखरे, तुला लेक कवा झाली गं! 'आमची लेक सौ. वैशाली' लिवलंय म्हणं तुमी. मला काय लेक हाय का? तीन टोणगे हायत!"

"लेकच लिवलंय व्हय?" अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "मग मशीननं बरोबर लिवलं. तुमीच चुकीचं सांगितलं."

"ऐका आता! म्हाताऱ्याचे कान गेले," साखराबाई म्हणाली, आणि सगळे हसले. रुद्राणीही हसली. ऐकण्यात चूक झाली असेल, एवढंच तिला वाटलं.

पण पुढची चूक हसण्यावारी जाणारी नव्हती.

गल्लीतला हातपंप आटला तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, टँकरसाठी अर्ज द्यायचा. लिहिणार कोण, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. अण्णांनी झकास अर्ज लिहिला. किती घरं, किती लेकरं, किती म्हातारी माणसं, कोण आजारी, सगळं. सह्या-अंगठे झाले, अर्ज कचेरीत गेला, तिथून मंजुरीला लातूरला. इतर गल्ल्यांत टँकर येऊ लागले. ह्या गल्लीत येईना. बायका रोज सकाळी पिंपं दारापुढं मांडायच्या आणि संध्याकाळी उलटी करून ठेवायच्या. शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणायचे, आणि साखराबाईची सून वैशाली पोटुशी, दिवस भरत आलेले, तीही ह्या रांगेत. एका दुपारी ती वाटेतच बसली. रुद्राणी आणि साखराबाईनं तिला धरून घरी आणलं. हंडा वाटेतच कलंडला होता.

दुसऱ्या दिवशी मन्मथ कचेरीत गेला आणि अर्जच हातात घेऊन परत आला. अर्ज लातूरहून माघारी आला होता. वर लाल शाईनं एक ओळ, की असा जिल्हा नाही. खाली सहीच्या जागी स्वच्छ टाइपात, 'ता. उदगीर, जि. उदगीर'.

"कारकून काय म्हणला सांगू?" मन्मथचा आवाज चढला होता. "म्हणला, काकाला सांगा, मलाबी आवडलं असतं, पण अजून झाला न्हाई! सगळी कचेरी हसली, अप्पा. आणि हितं ती वैशाली रस्त्यात पडली."

दुकानात साखराबाई उभी होती, आणखी दोघी-तिघी होत्या. साखराबाईला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमच्या हौसेपायी पाणी अडलं व्हय आमचं?"

"साकु," अण्णा पुटपुटले. कंप्यूटर अडकला की ते कानडीत त्याला असंच म्हणायचे, पुरे म्हणून. आज ते स्वतःलाच म्हणाले. त्यांनी मशीन बंद केलं, झूल घातली, आणि भर दुपारी दुकानातून उठून घरी गेले.

दुसऱ्या सकाळी पूजा झाली, विभूती लावली, दुकान उघडलं, पण झूल निघाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अण्णा पोत्यांच्या थप्पीला टेकून रस्त्याकडं बघत बसले. हमाल आले, बसले, टेकाड दिसेना म्हणून उठून गेले. मन्मथ आईला हळूच म्हणाला, "लातूरला एक जण जुनी कंप्यूटरं घेतोय. अप्पा आता हात लावणार न्हाईत. देऊन टाकू." रुद्राणीनं ते ऐकलं. मशीन गेलं तर तिची जागा जाणार होती, हे खरं. पण त्याहून तिला भीती वाटत होती ती थप्पीला टेकलेल्या माणसाची. ज्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, त्याला आता चहा गोड झाला की अगोड हेही विचारलं तर तो "चालतंय" म्हणत होता.

गल्लीचा अर्ज नव्यानं करायचा होता. मन्मथ म्हणाला, "हातानंच लिवू." हातानं लिहिलेल्या अर्जानंही पाणी आलंच असतं. रुद्राणीला ते कळत होतं. पण हा एक कागद हातानं लिहिला गेला, की ती झूल पुन्हा निघणार नाही, हेही कळत होतं.

तिनं देवापुढं डोकं टेकवलं, दुकानात गेली, आणि सासऱ्यांच्या देखत झूल काढून घडी घातली.

"शरणु," ती म्हणाली.

अण्णांनी तोंड फिरवलं. पण उठून गेले नाहीत.

जुना अर्ज अण्णांच्या खोलीत होता, म्हणून ती त्यांच्याच नावानं आत गेली. कडी नव्हतीच. हिरवं टेकाड पडद्यावर आलं. बाहेर साखराबाई येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "आता कोणचा जिल्हा करतीस गं बाई? बिदर?"

"बगा तुमी हितंच थांबून, मावशी," रुद्राणी म्हणाली. "मी लिवते आणि वाचूनबी दाखवते."

तिनं आधी ती सोय शोधून जिल्ह्याची शिकवण काढून टाकली. मग 'जि.लातूर' लिहून जागा सोडली. लातूर लातूरच राहिलं. ती मोठ्यानं म्हणाली, "लातूर." साखराबाईनं मान हलवली.

घरं झाली, लेकरं झाली, म्हातारी माणसं झाली. शेवटी अर्जदाराचं नाव. सासऱ्यांचं नाव घालून तिच्याच्यानं त्यांना पुन्हा लाल शाईपुढं उभं करवेना. तिनं स्वतःचं घालायचं ठरवलं. नाव लिहिलं, खाली 'धोंडप्पा यांची सून' एवढं लिहून तिनं पुढची जागा सोडली.

पडद्यावर अक्षरं पालटली. 'धोंडप्पा यांची लेक'.

तिला वाटलं, आपलंच बोट चुकलं. तिनं पुसून पुन्हा लिहिलं. सून. जागा. लेक.

मग तिला वैशालीचं निमंत्रण आठवलं. 'मशीननं बरोबर लिवलं.' मोंढ्यातल्या त्या माणसांना दिलेलं उत्तर आठवलं. स्वतःच्या खोलीत कडी घालून ती एवढी वर्षं लिहीत होती, आणि भिंतीपलीकडं सासऱ्यांच्या खोलीत 'सून' हा शब्द लिहिलाच जात नव्हता.

"थांबलीस का?" साखराबाई म्हणाली. "काय झालं?"

"काय न्हाई मावशी. डोळ्यात ताग गेला."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग मशीननं केलेली दुरुस्ती मागं फिरवली, 'सून'च ठेवलं. पाण्याचा कागद होता. त्यात खरं तेच असायला हवं, कुणाला कितीही गोड वाटलं तरी. शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं, छापलं, आणि प्रिंटर-जावई त्या दिवशी न रुसता चालला. मन्मथनं तो कागद घेऊन स्वतः लातूर गाठलं, मंजुरी हातातच घेऊन आला.

टँकर आला त्या सकाळी गल्लीत नुसता कालवा. पिंपं, घागरी, पायात पाय, आणि सगळ्यांच्या वर साखराबाईचा आवाज. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे राहून नळीतनं पडणारं पाणी बघत होते. रुद्राणी भरलेली कळशी घेऊन त्यांच्याजवळ थांबली.

"मामा, ते जिल्ह्याचं मी काढलं बरं का मशीनमधून."

"बरं केलंस. माझीच हौस नडली."

"जिल्हा झाला की पुन्हा घाला तुमीच."

अण्णा जरासे हसले. कितीतरी दिवसांनी.

"अजून एक दिसलं," ती म्हणाली. कळशी तिच्या कमरेवर जड होत होती, तरी ती खाली ठेवली नाही. "ते मी काढलं न्हाई."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "अर्जात काय ठेवलंस?"

"सून. कागद सरकारी हाय."

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "सरकारला कशाला सांगायचं सगळं." आणि आत वळून त्यांनी झूल काढायला हात घातला. "आणि हे बग, त्या मन्मथ्याला सांग, लातूरच्या त्या भंगारवाल्याला तुझाच फोन दे म्हणावं."

मे सरता सरता वैशालीला मुलगी झाली. साखराबाई कोरे कागद घेऊन दुकानात हजर. बारशाचं निमंत्रण. अण्णा चौरंगापुढं बसले होते, बाजूला रुद्राणी, समोर दोन हमाल टेकाडाकडं बघत.

"ह्या टायमाला नीट लिवा हं अण्णा," साखराबाई दटावून म्हणाली. "'आमची सून वैशाली हिला कन्यारत्न झाले.' सून! कान देऊन ऐका. आणि रुद्राणी, तू वाच गं मोठ्यानं, मला ह्यांचा भरवसा न्हाई."

अण्णांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं. सून. मग अंगठ्यानं जागा सोडली.

"काय झालं?" साखराबाईनं विचारलं. "वाच की."

रुद्राणीनं अण्णांकडं बघितलं. अण्णा छताकडं बघत होते.

"'आमची लेक वैशाली,'" रुद्राणीनं वाचलं.

साखराबाईनं तोंड उघडलं. पण त्या रस्त्यात बसलेली, घामानं भिजलेली पोर तिच्याही डोळ्यांपुढं आली असावी. तिनं तोंड मिटलं आणि हातातले कोरे कागद अण्णांपुढं ठेवले.

"हिमायतनगरला भावाला मी फोन करून सांगते," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसंच."